पॅकेज पूर्ण द्या

जुन्नर तालुक्यात मोबाइलची रेंज नको असलेली एक जागा आहे आणि ती हवी असूनही धड न मिळणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. नको असलेली जागा खोडदची. नारायणगावच्या पूर्वेला, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन भुजांवर, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्यामागे इथली रेडिओशांतता हे मोठे कारण होते. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळचा एक मोबाइलही त्यांना बुडवू शकतो, आणि ७०० मेगाहर्ट्झचा मोबाइलपट्टा तर दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच बसतो. म्हणून तिथे गेलेल्या पाहुण्याला फोन बंद करायला सांगतात. पुणे–नाशिक निमद्रुतगती रेल्वेच्या आखणीतही हाच मुद्दा आडवा आला.

रेंज हवी असलेल्या जागा पश्चिमेला आहेत. घाटघर, अंजनावळे, इंगळूण; आंबेगावात डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडचे आहुपे, तिरपाड, असाणे. या पट्ट्यात डोंगराच्या कोणत्या अंगाला उभे आहात यावर फोन लागणे-न लागणे ठरते. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली तरी तिथून शाळेच्या खोलीतल्या संगणकापर्यंतचे अंतर उरते. पावसाळ्यात वीज गेली की तेही तुटते.

संगणक मात्र दोन्हीकडे आहेत. खोडदला तारेने येणारे नेट आहे, त्यामुळे तिथले काम अडत नाही. पश्चिमेकडे मात्र शाळेला मिळालेला संगणक वर्षानुवर्षे आला तसाच राहतो, कारण त्यावर नवे काही टाकायचे तर नेट लागते. ‘मग पेनड्राइव्हवर आणून टाका की,’ हे उत्तर तालुक्याच्या कचेरीपासून पुण्यापर्यंत सर्वत्र मिळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

पॅकेज म्हणजे एकच फाइल, हा त्यातला पहिला गैरसमज. डेबियन किंवा उबुंटूचे एखादे पॅकेज उघडून पाहिले तर आत दोन गठ्ठे असतात. एकात प्रत्यक्ष प्रोग्राम आणि दुसऱ्यात त्याची माहिती. या माहितीतच एक ओळ असते: मला चालण्यासाठी आणखी काय काय लागते. अक्षरे दाखवणारे कोड एकीकडून घेतलेले, चित्रे उघडणारे दुसरीकडून, फाइल आवळणारे तिसरीकडून, आणि त्या प्रत्येकाची पुन्हा आपली यादी. नेट असलेल्या संगणकावर ही साखळी दिसत नाही, कारण ॲप्ट नावाचा कारभारी ती मुकाट्याने मिळवून आणतो. नेट नसेल तर डीपीकेजी नावाचा साधा गडी उरतो. तो समोर ठेवलेली फाइल उघडतो आणि अमुक नाही, तमुक नाही म्हणून थांबतो. जीवधनवर मुक्कामाला निघालेल्याला तांदूळ-डाळ आठवते आणि काडेपेटी राहते, तसे हे होते. वर गेल्यावर काडेपेटीसाठी खाली घाटघरलाच यावे लागते.

विंडोजवर साखळी वेगळ्या रूपात भेटते. क्रोमसारख्या ब्राउझरचे जे इन्स्टॉलर आपण सहज उतरवून घेतो ते फार छोटे असते. ते नुसते निरोप्याचे काम करते, खरा माल नेटवरूनच आणते. पूर्ण इन्स्टॉलर वेगळे मिळते, पण ते शोधावे लागते. जुन्या अनेक प्रोग्रामांना डॉटनेट ३.५ हवे असते. विंडोज १० ते मागितल्यावर थेट नेटकडे धाव घेते आणि नेट नसेल तर एक कोडनंबर दाखवून गप्प बसते. खरे तर तेच घटक विंडोजच्या मूळ डीव्हीडीत ‘सोर्सेस’ फोल्डरातल्या ‘एसएक्सएस’ या पोटफोल्डरात पडलेले असतात. एका आज्ञेने तिथूनच घ्यायला सांगता येते. ही गोष्ट माहीत असलेला माणूस जवळ असणे-नसणे, यावर शाळेतला संगणक चालू की बंद हे ठरते. आमच्या मते ही अवस्था लाजिरवाणी आहे. संगणक पुरवणाऱ्याने ती डीव्हीडी, किंवा तिची प्रत, सोबत द्यायला काय हरकत असते?

लिनक्सच्या जगात या अडचणीवर उत्तरे फार पूर्वीपासून आहेत, आणि त्यांत भारतीय हातही आहे. डेबियनचे विकासक रितेश राज सर्राफ यांनी लिहिलेले ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन मंद किंवा अजिबात नसलेल्या नेटसाठीच आहे. त्याची रीत अशी. नेट नसलेल्या संगणकावर आधी विचारायचे की हे पॅकेज टाकायला तुला नेमके काय कमी आहे. तो एक छोटी यादी लिहून देतो. ती यादी पेनड्राइव्हवर घेऊन घोडेगावात किंवा मंचरला, जिथे नेट असेल तिथे जायचे. तिथला संगणक विंडोजचा असला तरी चालतो. यादीतले सगळे एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायचे, परत यायचे, गठ्ठा संगणकाला द्यायचा. एका खेपेत काम होते, कारण काय लागणार ते डोंगरावरच्या संगणकानेच आधी सांगितलेले असते. उलट दिशेने, म्हणजे मंचरला बसून ‘बहुधा हे लागेल’ असा अंदाज करून नेलेला गठ्ठा हमखास अपुरा पडतो. मंचरचा संगणक स्वतःकडे आधीच असलेल्या गोष्टी मोजत नाही, आणि डोंगरावर त्या नसतात.

दुसरी रीत जास्त गावांसाठी बरी. एका डिस्कवर पॅकेजांचा पूर्ण साठाच आणायचा आणि संगणकाला सांगायचे की नेटऐवजी या फोल्डराकडे पाहा. मग ॲप्ट पूर्वीसारखाच कामाला लागतो. साखळी शोधतो, क्रम लावतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. हा आकडा दडपण आणणारा आहे, पण एका प्रकारच्या संगणकासाठीचा हा सगळा साठा १ टेराबाइटच्या डिस्कवर जागा उरवून मावतो. एवढी डिस्क आज खिशात राहते. लिब्रेऑफिसचे मराठी रूप, देवनागरी फॉण्ट, भूमितीसाठी जिओजेब्रा, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, असे शाळेला जे लागते ते सारे त्यात येते.

इथे विश्वासाचा प्रश्न येतो, आणि नेटविना संगणकाच्या चर्चेत तोच बहुतेक वेळा वगळला जातो. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजावर वेगळी सही नसते. साठ्याच्या मुख्य अनुक्रमणिकेवर एक सही असते, त्या अनुक्रमणिकेत पॅकेजांच्या याद्यांचे ठसे आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. सही तपासली की खालपर्यंतचे सारे तपासले जाते. पण मित्राच्या संगणकावरून सुटी फाइल उचलून आणली की ही साखळी तुटते. फाइल खरी आहे की मधल्या मध्ये कोणी तिच्यात काही घातले आहे, हे संगणकाला कळायला मार्ग उरत नाही. फेडोरा आणि रेडहॅटच्या आरपीएम पॅकेजांवर साधारणपणे प्रत्येकी सही असते, त्यामुळे तिथे सुट्या फाइलची पारख थोडी सोपी. म्हणून डेबियन-उबुंटूवाल्यांनी सुट्या फाइली न नेता सही-अनुक्रमणिकेसकट साठा न्यावा. स्वतः फोल्डर बनवून ‘यावर डोळे झाकून विश्वास ठेव’ असे सेटिंग करण्याची पळवाट उपलब्ध आहे आणि ती सर्रास वापरली जाते. एकट्याच्या घरी ठीक. शाळेत किंवा दवाखान्यात ती वापरू नये.

नेट नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत तर पेनड्राइव्हनेच खोटी पाडली आहे. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडलेली होती; २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट तिथे यूएसबीच्या वाटेने शिरला असे मानले जाते. आपल्याकडच्या शाळेवर असा हल्ला कोणी करणार नाही. पण झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह शाळेतल्या चार संगणकांत फिरतो तेव्हा वाट तीच असते. त्यासाठी विषाणूरोधकाची ताजी यादीही अशीच हाताने न्यावी लागते. पुण्याच्याच क्विक हीलसारख्या कंपन्या नेट नसलेल्या संगणकांसाठी तशी वेगळी फाइल देतात. ती न्यायची आठवण ठेवणारा माणूस मात्र लागतो.

आता काही किरकोळ वाटणाऱ्या, पण प्रत्यक्षात दिवस खाणाऱ्या गोष्टी. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. नेट असते तर ते आपोआप दुरुस्त झाले असते. इथे होत नाही, आणि मग संगणक ताज्या साठ्याची सही नाकारतो, कारण त्याच्या हिशेबाने ती सही अजून व्हायची आहे. गुरुजी बिचारे पॅकेज बिघडले असे समजून पुन्हा मंचरचा रस्ता धरतात. किमतीने किरकोळ असलेला सेल आणि तारीख लावणे, एवढाच इलाज असतो. तसेच पेनड्राइव्ह जुन्या फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. आणि संगणक ३२ बिटचा आहे की ६४, हे निघण्याआधी पाहिले नाही तर सगळी खेप फुकट.

पायथनची तऱ्हा आणखी निराळी. जुन्नर-आंबेगावातही आता शाळा-महाविद्यालयांत पायथन शिकवतात, म्हणून ती सांगायला हवी. तिथे पिप हे साधन पॅकेजे एका फोल्डरात उतरवून ठेवते आणि नंतर त्याच फोल्डरातून, नेटकडे न पाहता, टाकता येतात. पण उतरवणारा संगणक विंडोजचा आणि टाकायचा लिनक्सचा असेल, किंवा दोघांवरच्या पायथनची आवृत्ती वेगळी असेल, तर फाइली जुळत नाहीत; आवृत्ती आणि संगणकाचा प्रकार फाइलीच्या नावातच लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावावी. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे तयार पॅकेजाऐवजी मूळ कोडचा गठ्ठा आला तर पिप तो बांधायला घेतो आणि बांधण्याची हत्यारे मागतो, जी फोल्डरात नसतात. सगळे नेले होते, तरी अडले, असे वाटते ते इथे.

हे सारे खेड्यांचेच दुखणे आहे असे मात्र नाही. खोडदच्या दुर्बिणीची माहिती वापरणाऱ्या संशोधकांनाही ते चांगले ठाऊक आहे. या माहितीच्या फाइली एलटीए नावाच्या खास रूपात असतात. ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ या दोन छोट्या प्रोग्रामांनी त्या सर्वत्र चालणाऱ्या फिट्स रूपात आणाव्या लागतात. पुढचे काम एआयपीएस किंवा कासा या संचांत. एआयपीएस १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेले आहे, आणि त्यात ‘मिडनाइट जॉब’ नावाची सोय आहे, जी रात्री अमेरिकेतल्या केंद्रातून दुरुस्त्या उतरवून घेते. नेट नसेल तर आवृत्ती जिथल्या तिथे राहते. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला केलेल्या आकाश-सर्वेक्षणाचे पुनर्विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते हौब इंटेमा यांच्या ‘स्पॅम’ या सॉफ्टवेअरने. स्पॅमला एआयपीएस लागते, ऑबिट लागते, पार्सलटंग लागते आणि पायथन २ लागते. आणि पायथन २ ची देखभाल २०२० च्या पहिल्या तारखेपासून थांबली. म्हणजे ज्याला आज तोच निष्कर्ष पुन्हा तपासायचा आहे त्याने जुनी पॅकेजे कुठेतरी जपून ठेवलेली असली पाहिजेत. नेट असूनही ती सहज मिळतीलच असे नाही.

कासाची गोष्ट आणखी बोलकी. तो संच आपले पायथन आणि लागणारे घटक पोटात घेऊन एकाच गठ्ठ्यात येत आला आहे. गठ्ठा सोडला की चालू. रुता काळे आणि ईश्वर-चंद्र या जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सुधारित जीएमआरटीसाठी लिहिलेली ‘कॅप्चर’ ही प्रणाली कासावरच चालते. पण कासाला पृथ्वीच्या फिरण्यातले बारीक फरक, लीप सेकंद अशी बदलती माहितीही लागते. नव्या आवृत्त्यांत ती वेगळ्या फोल्डरात ठेवली जाते आणि नेटवरून ताजी केली जाते. फोल्डर रिकामे असेल तर कासा सुरू व्हायलाच नकार देतो. प्रोग्राम पूर्ण, पण माहिती अपुरी. अर्थात ते फोल्डर हाताने भरून देण्याची सोय आणि आपोआप ताजे करणे बंद करण्याचे सेटिंग दोन्ही त्यात आहेत, हे महत्त्वाचे. नेट गृहीत धरणाऱ्याने नेट नसलेल्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे.

आपल्याकडेही एक काळ असा होता की सॉफ्टवेअर पूर्णच येत असे. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत लिनक्सची सीडी मिळे. २००५ पासून उबुंटूच्या सीडी मागितल्या की टपालाने फुकट घरी येत. ती सोय २०११ मध्ये बंद झाली, कारण नेट सगळीकडे पोचले असे मानले गेले. ते कुणाकडे पोचले हे कुणी विचारले नाही. केरळने मात्र वेगळा मार्ग धरला. तिथल्या शाळांसाठी ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली संपूर्ण प्रणाली तयार करते. पाठ्यक्रमाला लागणारे सगळे तिच्यात आधीच असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत आणि ते उतरवून घेऊन नेटविना वापरता येतात. क्युबात तर लोकांनी स्वतःच व्यवस्था उभी केली: दर आठवड्याला एक डिस्क हातोहात फिरते, तिच्यात मालिका-सिनेमांसोबत मोबाइलची ॲप आणि विषाणूरोधकाच्या याद्याही असतात. कायद्याच्या अंगाने तिचे कौतुक करणे अवघड आहे. व्यवस्था म्हणून ती शिकण्यासारखी आहे.

आंबेगावात पूर्ण साठा पोचवण्याचे हे काम करू शकेल अशी संस्था आहे. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे संगणक शिकणारी मुले आहेत आणि नेटही आहे. तिथे डेबियन किंवा उबुंटूच्या एका स्थिर आवृत्तीचा साठा ठेवावा, तो दर महिन्याला ताजा करावा आणि त्याच्या डिस्का भराव्यात. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळांचे मुख्याध्यापक बैठकीसाठी तिथे येतातच. डिस्क तिथे बदलून घ्यावी. यासाठी नवे पद नको, नवी योजना नको आणि उद्घाटन तर मुळीच नको. लागते ते एवढेच की दर महिन्याला सही तपासून, तारीख टाकून डिस्क देण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. साठा जुना पडू लागला की तो नसल्यापेक्षा वाईट. सुरक्षेच्या दुरुस्त्या न पोचलेले, तरी सरकारी शिक्का असलेले सॉफ्टवेअर कुणी तपासत नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न झेपणारे संगणक शाळांत पुष्कळ आहेत, आणि त्यांवर लिनक्स टाकण्याची चर्चा आता होईल. होऊ दे. पण ती करताना शहरातल्या वेगवान नेटवर बसून केलेली योजना डिंभ्याच्या पलीकडे तशीच लागू होईल असे धरू नये. खर्चाच्या हिशेबात डिस्क, तिची वाहतूक आणि तो मदरबोर्डवरचा सेल धरलेला नसेल तर ती योजना कागदावरच राहील.

आणि जिथे शाळा किंवा पंचायत समिती सॉफ्टवेअर विकत घेते, तिथे एक अट निविदेतच घालता येईल. पुरवठादाराने माल पोचता करण्याच्या दिवशी, मुख्याध्यापकांसमोर, नव्याने पुसलेल्या संगणकाची नेटची केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि सोबत आणलेल्या डिस्कवरून सगळे टाकून, चालू करून दाखवावे. तेवढे झाल्यावरच पोचपावतीवर सही व्हावी.